भरली भोपळी मिरची: बाहेरून करपते, आतून कच्ची राहते, तळाला पाणी सुटते

भरलेली भोपळी मिरची बिघडते तेव्हा ती बहुधा तीनपैकी एका तऱ्हेने बिघडते. कधी साल काळी पडते, पण सुरीने मधोमध कापल्यावर आत डाळीचे पीठ कोरडे आणि कच्चे निघते. कधी कढईच्या तळाला हिरवट पाणी साचते, मिरच्या एकमेकींवर कलंडतात आणि सारण त्या पाण्यात उतरते. आणि कधी सारण अगदी हवे तसे होते, पण गर इतका करकरीत राहतो की घास तोडताना साल हातात येते आणि सारण ताटात पडते. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि माझी धाकटी जाऊ नेरुळला राहते. आम्हा दोघींच्या घरी ही भाजी वारंवार होते, आणि काही काळापूर्वीपर्यंत तिचा फोन आला की पहिले वाक्य ठरलेले असायचे, “ताई, आजही पाणी सुटलं.” कृती तीच, मसाला तोच, कढईही तीच, आणि तरी एका आठवड्यात भाजी जमायची आणि पुढच्या आठवड्यात फसायची. त्यामुळे दोष कृतीच्या कागदात नाही, तो दुसरीकडे आहे, हे आम्हाला मानावे लागले.

तो दोष असा आहे. मिरचीचा गर आणि आतले सारण या दोन गोष्टींना शिजायला वेगवेगळा वेळ लागतो, आणि आपण मात्र त्या एकाच वेळी कच्च्या भरून एकाच आचेवर ठेवतो. वांग्यात हे खपून जाते, कारण वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, तो तेल आणि मसाला शोषून घेतो आणि सारणाबरोबर एकजीव होतो. भोपळी मिरची पोकळ असते. तिची साल गुळगुळीत असते, आतल्या बाजूलाही पातळ पापुद्रा असतो आणि दोन्हींच्या मध्ये पाण्याने भरलेला गर असतो. मिरचीच्या वजनात ९२ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. म्हणजे आपण खरे तर पाण्याच्या भिंती असलेल्या डब्यात कोरडे सारण भरत असतो. डबा आणि सारण यांची वेळ आधी जुळवून घेतली तरच भाजी साधते, आणि ही जुळवाजुळव भाजीवाल्याच्या पाटीपाशीच सुरू करावी लागते.

मिरची निवडताना

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत सकाळी गेले की मिरच्यांचे दोन ढीग दिसतात. एका ढिगात मोठ्या, गडद, चकचकीत मिरच्या असतात, दुसऱ्यात लहान, थोड्या वेड्यावाकड्या, फिकट हिरव्या. आपला हात सवयीने पहिल्या ढिगाकडे जातो. चिरून भाजी करायची असेल, पिझ्झ्यावर घालायची असेल किंवा पुलावात टाकायची असेल तर तो ढीग योग्यच आहे. भरायला मात्र दुसरा ढीग बरा. मोठी मिरची १५० ते २०० ग्रॅमची असते. तिच्यात चार-पाच मोठे चमचे सारण मावते, आणि एवढ्या जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत कढईतली उष्णता पोचेपर्यंत बाहेरची साल करपून जाते. ६० ते ८० ग्रॅमची मिरची, म्हणजे अर्ध्या किलोत सहा ते आठ बसतील अशी, भरण्यासाठी सर्वांत सोयीची असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे सगळ्या मिरच्या एकाच मापाच्या हव्यात. एक लिंबाएवढी आणि एक मुठीएवढी अशा मिरच्या एकाच कढईत लावल्या तर लहानगी विरघळायला येते तेव्हा मोठी अजून कच्चीच असते, आणि मग करपलेल्या आणि कच्च्या अशा दोन्ही तक्रारी एकाच ताटात येतात.

मिरची हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. देठ हिरवा आणि ताठ असावा, तपकिरी पडून वाळलेला नसावा. देठाच्या बुडाशी असलेली हिरवी टोपी मिरचीला घट्ट चिकटलेली असावी, कारण सडण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आणि मिरची आकाराच्या मानाने जड लागावी. अंगठ्याने हलके दाबल्यावर तिने दाब परतवला पाहिजे. सुरकुतलेल्या मिरचीतले पाणी आधीच गेलेले असल्यामुळे ती भरायला चांगली, असा समज मी ऐकला आहे, पण तो बरोबर नाही. पाणी गेलेली साल शिजल्यावर चामट होते आणि दातांखाली पट्टीसारखी येते.

भाजीवाले एक गोष्ट हमखास सांगतात. “ताई, चार उंचवट्यांची घ्या, ती मादी असते, गोड लागते,” असे मला मंडईत कितीदा तरी ऐकायला मिळाले आहे. भोपळी मिरचीच्या फळात नर-मादी असा भेद नसतो. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि बुडाला तीन उंचवटे येणार की चार हे वाणावर आणि वाढीच्या परिस्थितीवर ठरते. गोडवा ठरतो तो पिकण्यावर: हिरवी मिरची हे अपक्व फळ आहे आणि तेच झाडावर पुरते पिकले की वाणाप्रमाणे लाल, पिवळे किंवा केशरी होते. तरीही भरण्यासाठी चार उंचवट्यांची मिरची मी मुद्दाम निवडते, आणि त्याचे कारण साधे आहे: ती कढईत चार पायांवर उभी राहते. तीन उंचवट्यांची कलंडते, आणि कलंडली की सारण सांडते. भाजीवाल्याचा सल्ला त्यामुळे मला पटतो, त्याने दिलेले कारण पटत नाही.

लाल-पिवळ्या मिरच्यांबद्दल एवढेच सांगते की त्या अधिक गोड असतात, महाग असतात आणि हिरवीपेक्षा लवकर मऊ पडतात. त्यांना भरायचे असेल तर पुढे सांगितलेला आधी वाफवण्याचा टप्पा गाळावा.

पावसाळ्यात आपल्या भागात एक जादा अडचण येते. पुणे, नाशिक, सातारा या बाजूंनी निघालेला माल रात्री वाशीच्या घाऊक बाजारात उतरतो, पहाटे तिथून ठाणे-नवी मुंबईच्या किरकोळ मंडयांत येतो, आणि या सगळ्या प्रवासात तो ओल्या हवेत असतो. त्यानंतर आपण तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी आणतो. गेल्या जुलैत अशी एक पिशवी मी सकाळी आणून संध्याकाळी उघडली, तेव्हा पिशवीच्या आतल्या बाजूला दव पडावे तसे थेंब होते, मिरच्यांच्या खांद्यांवर, देठाच्या खळग्यात, पाणी साचलेले होते आणि दोन मिरच्यांची टोपी बोटाच्या धक्क्याने निघून आली. घरी आल्याबरोबर मिरच्या पिशवीतून काढून, देठाचा खळगा कोरड्या फडक्याने टिपून, वर्तमानपत्रावर पसरून ठेवाव्यात. न धुता ठेवाव्यात. धुवायच्या त्या चिरण्याच्या आधी.

फ्रिजबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भोपळी मिरची हे उष्ण प्रदेशातले फळ आहे आणि ७ अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीत ते बरेच दिवस राहिले तर त्याला इजा होते. घरचा फ्रिज बहुधा ४-५ अंशांवर चालतो. इजा झालेल्या मिरचीवर बारीक खळगे पडतात, आतल्या बिया तपकिरी होतात, आणि शिजवताना अशी मिरची ताज्या मिरचीपेक्षा कितीतरी जास्त पाणी सोडते. जाऊबाईंच्या “आजही पाणी सुटलं”चे निम्मे उत्तर इथे होते: ती दर शनिवारी भाजी आणायची आणि पुढच्या गुरुवारी-शुक्रवारी मिरच्या भरायची. फ्रिजमध्ये ठेवायच्याच असतील तर सर्वांत खालच्या भाजीच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवाव्यात आणि तीन-चार दिवसांत संपवाव्यात.

कापताना दिसणाऱ्या गोष्टी

वरची चकती कापून काढली की मधोमध बियांचा गाभा दिसतो आणि भिंतींना चिकटलेल्या पांढऱ्या शिरा दिसतात. गाभा ओढून तोडू नये. सुरीचे टोक शिरेच्या मुळाशी फिरवून तो सोडवावा, नाहीतर भिंतीचा पापुद्रा फाटतो आणि नेमक्या त्या फाटलेल्या जागेतून शिजताना पाणी झिरपते. कधीकधी मिरचीच्या पोटात अंगठ्याएवढी दुसरी मिरची असते. ती वाढीतली एक विकृती आहे, कीड किंवा रोग नव्हे. काढून टाकावी किंवा चिरून सारणात घालावी. आत काळी बुरशी दिसली तर मात्र ती मिरची पूर्णच टाकावी. बाहेरून ती निर्दोष दिसते, कारण बुरशी बुडाच्या टोकाकडून आत शिरलेली असते, आणि म्हणूनच भरायच्या मिरच्यांत एखादी जादा घेतलेली बरी.

देठासकट ठेवून एका बाजूने उभी चीर द्यायची असेल तर ती दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत द्यावी. त्या खाचेच्या आतल्या बाजूला पांढरी शीर असते, तिच्यामुळे चिरेच्या कडा जाड राहतात आणि उलथताना चीर फाटत जात नाही. उंचवट्यावर मधोमध दिलेली चीर दोन उलथण्यांत बुडापर्यंत उघडते. मिरच्या मोठ्याच मिळाल्या असतील तर त्या उभ्या अर्ध्या कापून होड्यांसारख्या भराव्यात. दिसायला त्या तितक्या ऐटदार नसतात, पण सारणाची जाडी निम्मी होते, आणि शिजण्याचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. पाहुणे येणार असतील आणि मिरच्या मोठ्या असतील तर मी आता नेहमी होड्याच करते.

सारण कच्चे का राहते

माझी भाजी सर्वांत वाईट बिघडली ती डाळीच्या पिठाच्या सारणाने. पीठ, दाण्याचे कूट, सुके खोबरे, तीळ, तिखट, मीठ, गोडा मसाला आणि थोडे तेल असे सगळे कोरडेच कालवून मी आठ मिरच्यांत दाबून भरले, कढईत झाकण ठेवून २० मिनिटे शिजवले आणि जेवायला बसल्यावर पहिली मिरची कापली. सालीला लागून साधारण बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचा थर ओला, गडद पिवळा आणि सुवासिक होता. त्याच्या आत, गोल कड्यासारखी स्पष्ट सीमा सोडून, पीठ फिकट, कोरडे आणि भुगा होते. चमचा लावला की ते घरंगळत होते आणि जिभेवर कच्च्या डाळीचा कडवट वास येत होता. त्या कापातच कारण लिहिलेले होते. डाळीच्या पिठातल्या पिष्टाला फुलायला उष्णता आणि पाणी दोन्ही लागतात. पाणी येते ते गरातून, आणि ते अर्ध्या पेराच्या पलीकडे पोचलेच नव्हते. आच वाढवून किंवा आणखी दहा मिनिटे ठेवून यात फरक पडला नसता, कारण मध्यभागी कमतरता होती ती पाण्याची.

त्यानंतर मी कच्चे पीठ कधीच भरत नाही. अर्धा किलो मिरच्यांसाठी एक वाटी डाळीचे पीठ ३ मोठे चमचे तेलावर मंद आचेवर ८ ते १० मिनिटे खमंग भाजते. खमंग वास सुटून रंग किंचित बदलला की त्यात अर्धी वाटी दाण्याचे कूट, पाव वाटी किसून भाजलेले सुके खोबरे, दोन चमचे तीळ आणि मसाले घालते. मग ४ ते ५ मोठे चमचे पाणी हबक्याहबक्याने शिंपडते आणि दोन मिनिटे झाकण ठेवते. पाण्याचे प्रमाण हातानेच कळते: मुठीत दाबल्यावर सारणाचा मुटका व्हावा आणि बोटाने टोचल्यावर तो भुरभुरीत फुटावा. मुटका होतच नसेल तर ते मिरचीतही कोरडे राहील. फुटत नसेल आणि बोटाला चिकटत असेल तर ते आत लगदा होईल. हे सारण मिरचीत जाण्याआधीच खाण्याजोगे असते. मिरचीत त्याला फक्त गरम व्हायचे असते आणि गराचा स्वाद घ्यायचा असतो.

बटाट्याच्या सारणात कच्चेपणाचा प्रश्न नाही, पण ओलेपणाचा आहे. बटाटे कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडले की ते पाणी पितात, आणि ते पाणी नंतर मिरचीत सुटते. भांड्यात पाणी न घालता, कुकरच्या तळातल्या पाण्याच्या वाफेवर सालासकट उकडावेत, सोलून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मगच कुस्करावेत. परतलेला कांदा घालत असाल तर त्यातले पाणी आटेपर्यंत परतावा. पनीर किसून, दाबून पाणी काढून घ्यावे, आणि मीठ अगदी भरण्याच्या वेळी घालावे.

खिमा भरणाऱ्यांनी तो आधी पूर्ण शिजवून, कोरडा करून भरावा. कच्चा खिमा मिरचीत शिजेल या भरवशावर राहू नये, कारण मटणाच्या खिम्याचा मध्य ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कोंबडीच्या खिम्याचा ७४ अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो सुरक्षित मानत नाहीत, आणि गच्च भरलेल्या मिरचीच्या मध्याला तेवढी उष्णता पोचली की नाही हे बाहेरून समजत नाही. गच्च भरण्याची सवयही सोडावी. सारण वरच्या कडेखाली अर्धे पेर ठेवून, न दाबता भरावे. दाबून भरलेले सारण फुगताना भिंतीला ढकलते आणि आधीच मऊ होत असलेली भिंत फाटते.

गर करकरीत का राहतो आणि पाणी कुठून येते

सारण आधी शिजवून घेतले की दुसरा प्रश्न पुढे येतो. आता सारणाला जेमतेम पाच-सात मिनिटांची गरज असते आणि गराला पंधराची. म्हणून गरही आधी थोडा पुढे न्यावा लागतो. पोखरलेल्या मिरच्या मोदकपात्रात किंवा चाळणीवर, तोंड खाली करून, ४ मिनिटे वाफवाव्यात आणि तशाच पालथ्या फडक्यावर काढून गार कराव्यात. तोंड खाली करण्यात सगळे मर्म आहे: पालथी मिरची वाफेचे पाणी साठवत नाही आणि गार होताना स्वतःचे सुटलेले पाणीही खाली सोडते. उकळत्या पाण्यात टाकण्यापेक्षा मला वाफ पसंत आहे, कारण पाण्यात चव उतरते आणि पोकळीत पाणी भरते. ज्यांना वाफवणे नको असेल त्यांनी आतून चिमूटभर मीठ चोळून मिरच्या १५ मिनिटे पालथ्या ठेवाव्यात. मीठ पाणी ओढते आणि शिवाय गराला चव येते. नाहीतर सारण खारे आणि साल आळणी असा बेबनाव होतो.

पाणी सुटण्याचे दुसरे कारण आपल्या एका चांगल्या सवयीत आहे. भरल्या वांग्यावर, सुक्या पालेभाजीवर आपण ताटली झाकतो आणि ताटलीत पाणी ओततो. त्या पाण्यामुळे ताटली गार राहते, आतली वाफ तिच्या पोटाला लागून जमते आणि थेंबाथेंबाने परत भाजीवर पडते. भाजी करपत नाही आणि वरून पाणी घालावे लागत नाही. वांग्याला ही युक्ती हवीच. भोपळी मिरचीला ती मारक ठरते, कारण मिरचीकडे स्वतःचेच पाणी पुरून उरते आणि वरून पडणारे थेंब नेमके उघड्या सारणावर पडतात. भोपळी मिरचीवर कोरडे झाकण ठेवावे, तेही पहिली ५ ते ६ मिनिटे, आणि मधून एकदा काढून त्याच्या आतली ओल पुसून घ्यावी. पुढची ७ ते ८ मिनिटे झाकण काढून, मध्यम आचेवर, चिमट्याने फिरवत शिजवावे. पसरट आणि जाड बुडाची कढई किंवा बिडाचा तवा यासाठी उत्तम. मिरच्यांच्या मध्ये बोटभर जागा असावी. खेटून लावलेल्या मिरच्या एकमेकींच्या वाफेत उकडतात.

पाणी सुटलेच तर ते सारणात मिसळू देऊ नये. मिरच्या अलगद ताटात काढाव्यात, कढईतले पाणी मोठ्या आचेवर आटवावे, त्यात दोन चमचे भाजलेले डाळीचे पीठ किंवा उरलेले सारण भुरभुरावे आणि तो दाट मसाला झाल्यावर मिरच्या परत ठेवाव्यात. त्या मसाल्याची चव खरोखर चांगली लागते. पुन्हा झाकण मात्र ठेवू नये.

टोमॅटोच्या किंवा चिंचेच्या रश्श्यात भरली मिरची करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: अर्धा तास शिजवूनही गर टणक राहतो. हा मिरचीचा दोष नाही. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य आंबटात सहज विरघळत नाही, म्हणून आंबट रश्श्यात भाजी मऊ व्हायला फार वेळ लागतो. चिंचेच्या पाण्यात घातलेला बटाटा लवकर शिजत नाही त्याचेही कारण हेच. मिरच्या आधी तेलावर पूर्ण मऊ करून घ्याव्यात आणि आंबट रस्सा शेवटच्या पाच मिनिटांत ओतावा. यात आणखी एक फायदा आहे. आंबटात आणि बंद झाकणाखाली हरितद्रव्य बदलून मिरचीचा रंग शेवाळी होतो. आंबट उशिरा घातले आणि झाकण कमी वेळ ठेवले की रंग बराच टिकतो. लवकर मऊ व्हावे म्हणून चिमूटभर सोडा घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये. सोड्याने रंग हिरवागार राहतो खरा, पण गर बुळबुळीत होतो आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

साल शिजल्यावर कागदासारखी सुटून गुंडाळते, ही तक्रार जाड गराच्या मिरचीत येते. मेक्सिकोत पोब्लानो जातीची मिरची भरताना ती आधी जाळावर भाजून, झाकून ठेवून, साल सोलून घेतात, थेट आपल्या भरिताच्या वांग्यासारखी. भोपळी मिरची सोलली की फार मऊ पडते आणि उभी राहत नाही, म्हणून आपल्या भाजीला तो उपाय मी सुचवत नाही. सालीला बाहेरून तेलाचे बोट फिरवले आणि आच मध्यम ठेवली तर साल सुटण्याचे प्रमाण कमी होते.

ओव्हन आणि एअर फ्रायर

लहान ओटीजीमध्ये १८० अंशांवर, आधी वाफवलेल्या मिरच्यांना २० मिनिटे पुरतात. सुरुवातीची १५ मिनिटे खालचीच आच ठेवावी, नाहीतर वर आलेले दाण्याचे कूट काळे पडते. एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर १० ते १२ मिनिटे लागतात. त्यात पाणी साचण्याची तक्रार येत नाही, पण जोराच्या गरम हवेने सारणाचा वरचा थर सुकतो, म्हणून कापलेली चकती देठासकट परत टोपीसारखी ठेवावी आणि शेवटच्या तीन मिनिटांत काढावी. मायक्रोवेव्ह फक्त गर आधी मऊ करण्यासाठी वापरावा. भरलेली मिरची त्यात शिजवली तर ती उकडल्यासारखी लागते.

भावनगरी मिरची भरताना

लांब, फिकट पोपटी भावनगरी मिरची भरणाऱ्यांना वरचे जवळजवळ सगळे लागू पडते, फक्त गर पातळ असल्याने आधी वाफवण्याची गरज नसते आणि ७-८ मिनिटांत काम होते. तिची खरी अडचण तिखटपणाची आहे: एकाच पावशेरात एक मिरची गोडसर निघते आणि दुसरी घाम फोडते. तिखटपणा बियांत असतो असे आपण धरून चालतो, पण मिरचीचे तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, तयार होते ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत, आणि बियांना ते केवळ त्या शिरेच्या स्पर्शाने लागते. त्यामुळे बिया झटकून शीर तशीच ठेवली तर तिखटपणा फारसा उतरत नाही. चमच्याच्या मागच्या टोकाने शीर देठापर्यंत खरवडावी. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून हात धुण्याआधी ते तेलाने चोळावेत आणि मग साबण लावावा. जेवताना तोंड भाजले तर पाणी पिण्यापेक्षा दही खावे. भोपळी मिरचीत हे द्रव्य जवळपास नसतेच, त्यामुळे तिच्या बिया काढतो त्या केवळ दातांखाली येतात म्हणून.

डब्यात दिलेली मिरची

सकाळी सातला भरलेला डबा ठाण्याहून गाडीने जाऊन दुपारी एकला उघडला जातो, आणि त्यात मिरची पाण्यात बसलेली असते, अशी तक्रार माझ्याच घरातून आली होती. कढईत भाजी कोरडी होती. पाणी डब्यात तयार झाले होते. गरम मिरचीची वाफ बंद डब्याच्या झाकणाला लागून गार होते आणि खाली टपकते. आता मी डब्यासाठी लहान मिरच्या अर्ध्या कापून होड्या करते, शिजल्यावर त्या जाळीवर १५ मिनिटे उघड्या ठेवते आणि हाताला कोमट लागल्यावरच डब्यात भरते. डब्याच्या सारणात ओले खोबरे घालत नाही, कारण एप्रिल-मेच्या उकाड्यात ते दुपारपर्यंत आंबते. त्याच्या जागी सुके खोबरे आणि एक चमचा जास्तीचे कूट घालते. होड्या सारणाची बाजू वर करून एकाच थरात लावते आणि पोळ्या वेगळ्या खणात देते. गेल्या पावसाळ्यापासून डबा कोरडा परत येतो आहे.